गहू-तांदळाची कोठारं भरलेली, तरी डाळ-तेल बाहेरून का?

तुमचा प्रश्न तीन पदरी आहे. गहू-तांदूळ ठेवायला देशात जागा पुरत नाही, मग तूरडाळ आणि खाद्यतेल बाहेरून का आणावं लागतं? यात दोष शेतकऱ्याचा की सरकारचा? आणि हिंगोली जिल्ह्यातल्या घरच्या पाच एकर कोरडवाहूत यंदा तूर घ्यावी का? मराठवाड्यात कृषी विस्ताराच्या कामात माझी सगळी नोकरी गेली, तीही बहुतेक तूर, हरभरा आणि सोयाबीन या तीन पिकांच्या मागे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. डाळीत आपण स्वयंपूर्ण होऊ शकतो आणि त्याला फार वर्षं लागायची गरज नाही. तेलात पूर्ण स्वयंपूर्णता येणार नाही, मात्र आजचं परावलंबन बरंच कमी करता येईल. दोन्हीकडे गाडं अडतं ते एकाच जागी: शेतकऱ्याने जास्त पिकवलं त्याच वर्षी त्याचा भाव पडतो, आणि तो पाडण्यात आपल्याच आयात धोरणाचा हात असतो.

गव्हाचं काय झालं ते आधी बघू. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८.९ कोटी टन अन्नधान्य पिकलं. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि उत्पादन ७.२ कोटी टनांवर आलं. १९६६ सालही दुष्काळाचंच. त्या एका वर्षात आपण एक कोटी टनांच्या वर धान्य आयात केलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेच्या पीएल ४८० या अन्नमदतीच्या कराराखाली. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं ते याच सुमारास. घरात जुनी माणसं असतील तर त्यांना रेशनवरचा लाल गहू आणि ७२ च्या दुष्काळातला मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, विचारून बघा, लगेच आठवेल. धान्य देणारा देश जहाजं अडवून धरतो आणि आपण व्हिएतनामबद्दल काय बोलायचं हे सुचवू लागतो, हे दिल्लीने तेव्हा अनुभवलं. स्वयंपूर्णतेचा ध्यास तिथून लागला.

त्यानंतरच्या घडामोडींत बियाण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं आलं, लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ या वाणांचं. बोरलॉग आणि स्वामिनाथन हे शास्त्रज्ञ, दिल्लीजवळच्या जौंती गावातले बीजोत्पादक शेतकरी, कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचा ठामपणा, हे सगळं खरं आहे. १९६४-६५ मध्ये १.२३ कोटी टन असलेला गहू १९६७-६८ मध्ये १.६५ कोटी टनांवर गेला. पण बियाणं येण्याच्या आधी, जानेवारी १९६५ मध्ये, आणखी दोन गोष्टी उभ्या राहिल्या होत्या: भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग. म्हणजे गहू किती पिकेल हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा तो कोण घेणार आणि काय भावाने घेणार याची सोय आधी लावून ठेवली होती. १९६८ च्या वैशाखात पंजाबच्या मंड्यांत गव्हाचे ढीग लागले तेव्हा भाव कोसळला नाही, तो यामुळे. शेतकऱ्याने पुढच्या वर्षी आणखी गहू पेरला. कालव्याचं आणि विहिरीचं पाणी होतं, खत मिळत होतं, हे खरंच. पण पिकवलेलं विकलं जाणार याची खात्री नसती तर दोन वर्षांत ती हवा उतरली असती.

आपल्याकडच्या ज्वारीचं उदाहरण याच्या उलट आहे. सीएसएच १ ही संकरित ज्वारी १९६४ सालीच आली. महाराष्ट्रात ती झपाट्याने पसरली, आणि १९६५-७५ या कठीण दशकात गरिबाच्या भाकरीला तिचा मोठा आधार झाला. पण खरिपातली ही ज्वारी काढणीला आली की परतीचा पाऊस गाठायचा, दाणा काळा पडायचा, आणि काळ्या ज्वारीला मोंढ्यात कुणी विचारत नसे. १९९० नंतर सोयाबीनचा पर्याय मिळाला तशी खरीप ज्वारी शेतातून गेली, तिच्याबरोबर कडबाही गेला. आज जनावरं कमी झाली म्हणून जी हळहळ ऐकू येते, त्यातला काही भाग त्या कडब्याचा आहे.

आता डाळीकडे. जगात सगळ्यात जास्त कडधान्य पिकवणारा, खाणारा आणि आयात करणारा देश एकच, तो म्हणजे आपला. कारण उघड आहे. गव्हाला आणि भाताला पाणी मिळालं, खात्रीचा भाव मिळाला, तसा पंजाब-हरियाणातला हरभरा हलला. पाण्याखालची जमीन गव्हाने घेतली आणि कडधान्याच्या वाट्याला उरली ती मुरमाड, हलकी, आभाळावर अवलंबून असलेली. तुरीचं देशाचं सरासरी उत्पादन आजही हेक्टरी आठ-नऊ क्विंटलच्या आसपासच रेंगाळतं. त्यावरून 'डाळीचं तंत्रज्ञानच मागास आहे' असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. ज्या शेतकऱ्याने भारी जमीन, ठिबक आणि वेळेवर दोन फवारण्या दिल्या, त्याने एकरी आठ-दहा क्विंटल तूर काढलेली मी याच जिल्ह्यांत पाहिली आहे. हरभऱ्याने तर सिद्धच केलं. उत्तरेतून हाकललेला हरभरा मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्रात आला, जाकी ९२१८, जेजी ११, दिग्विजय असे कमी दिवसांचे, मर रोगाला दाद न देणारे वाण मिळाले, आणि आज देशातल्या एकूण कडधान्यात जवळपास निम्मा वाटा त्याचा आहे. शेतकऱ्याला जमतं, शास्त्रज्ञालाही जमतं.

मग अडतं कुठे? २०१५ ते २०१७ ही तीन वर्षं नीट पाहिली तर उत्तर मिळतं. विद्यार्थ्यांना मी नेहमी याच वर्षांचा अभ्यास करायला सांगत आलो.

२०१४ आणि २०१५ लागोपाठ दुष्काळ पडला. २०१५ च्या दिवाळीला तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. ओरड झाली, ती रास्तच होती. गरिबाच्या ताटातलं वरण पातळ झालं होतं. सरकारने तुरीचा हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये केला, शेतकऱ्यांना तूर लावा म्हणून आवाहन केलं, २० लाख टनांचा राखीव साठा करायचं ठरवलं. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, मोझांबिकशी डाळ आयातीचा करार केला. पाऊस चांगला झाला. शेतकऱ्याने ऐकलं, आणि किती ऐकलं! देशातली तूर २०१५-१६ च्या २५-२६ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये पावणेएकोणपन्नास लाख टनांच्या घरात गेली. महाराष्ट्रात तर ती चौपटीहून जास्त झाली. एका हंगामात उत्पादन जवळजवळ दुप्पट करून दाखवणारा शेतकरी 'बदलायला तयार नाही' असं कुणी म्हणू नये.

आणि त्याच वर्षी आपण एकूण ६६ लाख टन कडधान्य बाहेरून आणलं. तोवरचा विक्रम. देशी तूर खळ्यावर यायला लागली डिसेंबर-जानेवारीत. तुरीवर दहा टक्के आयात शुल्क लागलं मार्चच्या अखेरीस. आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली ऑगस्टमध्ये, म्हणजे लहान शेतकऱ्याने आपली तूर विकून सहा महिने झाल्यावर. मोंढ्यात भाव ३,५०० ते ४,००० होता.

त्या उन्हाळ्यातल्या खरेदी केंद्रांचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ट्रॅक्टर आणि छोटा हत्ती यांची रांग बाजार समितीच्या फाटकातून बाहेर रस्त्यापर्यंत. काट्यावर माल यायला आठ-दहा दिवस. बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला की काटा बंद. चाळणी लागली की पोत्यामागे दोन-चार किलो मातेरं बाजूला. ग्रेडर मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो, ओलाव्याचा आकडा बारा टक्क्यांच्या वर दिसला की 'हवा जास्त आहे, वाळवून आणा'. भाड्याने आणलेला ट्रॅक्टर परत न्यायचा, पुन्हा भाडं, पुन्हा रांग. ज्याच्यावर पीककर्जाची मुदत येऊन ठेपली होती, किंवा घरात लग्न होतं, त्याने फाटकाबाहेरच्याच व्यापाऱ्याला तूर दिली. जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेइतकाच माल हेक्टरी घ्यायचा हा नियम तर मला आजही अन्यायाचा वाटतो. ज्याने जास्त पिकवलं त्याचाच उरलेला माल परत पाठवायचा, आणि वर उत्पादकता वाढवा म्हणून मेळावे घ्यायचे!

पुढचं अपेक्षितच होतं. तुरीचं क्षेत्र घटत गेलं, २०२२-२३ मध्ये उत्पादन ३३ लाख टनांवर आलं. पुन्हा डाळ महागली. २०२१ च्या मे महिन्यापासून तूर आयात खुली होती, ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्काशिवाय येऊ लागला. हा वाटाणा कॅनडा-रशियाचा, स्वस्त, आणि बेसनात, डाळीत मिसळायला सोपा. त्याने हरभऱ्याचा भाव दाबला. २०२४ च्या सुरुवातीला दहा हजारांच्या आसपास असलेली तूर वर्षभरात ७,५५० च्या हमीभावाखाली गेली. २०२४-२५ मध्ये कडधान्याची आयात ७० लाख टनांच्याही पुढे गेली. म्हणजे २०१६-१७ चा विक्रमही मोडला.

ग्राहकाची बाजू मी विसरलेलो नाही. शहरातल्या मजुराला दोनशे रुपयांची डाळ परवडत नाही, आणि सरकारने हात बांधून बसावं असं मी म्हणणार नाही. भाव भडकला तर आयात करावी. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. तूर पेरली जाते जूनमध्ये, घरात येते जानेवारीत. पुढच्या हंगामात किती आयात होणार आणि शुल्क किती राहणार, हे मे महिन्यात जाहीर झालं पाहिजे आणि पीक विकलं जाईपर्यंत बदलता कामा नये. शेतकऱ्याने सात महिन्यांची जोखीम घ्यायची आणि अधिसूचना मात्र एका रात्रीत निघायची, हे जमत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने डाळींच्या आत्मनिर्भरतेचं अभियान सुरू केलं. सहा वर्षं, ११,४४० कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टनांचं लक्ष्य. त्यातलं बियाण्याचं आणि मिनी डाळमिलचं काम चांगलंच आहे. पण मला खरी आशा वाटते ती एका तरतुदीची: नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद आणि मसूर चार वर्षं शंभर टक्के खरेदी करायची हमी. १९६५ मध्ये गव्हाला जे दिलं ते साठ वर्षांनी तुरीला द्यायचं ठरलं आहे. केंद्रावरचा काटा आणि बारदाना वेळेत आला, पैसे पंधरा दिवसांत खात्यावर आले, तर हे अभियान चालेल. नाही आले तर नवीन वाणांची पाकिटं वाटून काही होणार नाही.

तेलाचं गणित वेगळं आहे आणि जास्त कठीण आहे.

१९८६ मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. तेव्हा देशात तेलबिया पिकत साधारण १.१ कोटी टन. आठ-नऊ वर्षांत ते दोन कोटी टनांच्या वर गेलं. मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल, भुईमूग सगळीच पिकं वाढली. नॅशनल डेअरी डेव्हलपमेंट बोर्डाने बाजारात उतरून भाव एका पट्ट्यात धरून ठेवायचा प्रयत्न केला, 'धारा' तेल घराघरात पोचलं ते तेव्हा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयात जवळजवळ संपली होती. म्हणजे तेलात स्वयंपूर्णता हे स्वप्न नव्हतं, ते आपण एकदा मिळवलं होतं. १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली, मग शुल्क ३० वर आलं, १९९८ मध्ये १५ वर. त्याच साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसं दगावली, लोक घाबरले, बाहेरच्या तेलाला आणखी वाट मिळाली. शतक संपताना आयात ४० लाख टनांच्या पुढे होती. आज ती १.६ कोटी टनांच्या आसपास आहे, देशाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून.

शुल्क पुन्हा वाढवलं तर हे सगळं परत मिळेल का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. आपल्या सोयाबीनचं उत्पादन हेक्टरी एक टनाच्या आसपास, तेलाचं प्रमाण १८ टक्के धरा. म्हणजे एका हेक्टरातून १८० किलो तेल. १.६ कोटी टन तेल सोयाबीनमधून काढायचं तर जवळपास नऊ कोटी हेक्टर जमीन लागेल. देशाचं निव्वळ पेरणी क्षेत्रच १४ कोटी हेक्टर आहे. त्या जमिनीवर मग गहू, भात, कापूस काय करणार? शिवाय आपण दरडोई तेल खातो वर्षाला तेवीस-चोवीस किलो, आरोग्याच्या दृष्टीने बारा किलो पुरे आहे असं पोषणतज्ज्ञ सांगतात. तळलेलं कमी खाणं हाही आयात कमी करण्याचा मार्ग आहे, तो सांगायला कुणी तयार नसतं.

सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त ठरतो, हे फार थोड्या शेतकऱ्यांना कुणी समजावून सांगितलेलं असतं. शंभर किलो सोयाबीनमधून तेल अठरा किलो आणि डीओसी, म्हणजे पेंड, ऐंशी किलोच्या आसपास निघते. ती पेंड कोंबड्या खातात नाहीतर निर्यात होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं, पोल्ट्रीवाले अडचणीत आले, आणि सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. नवं सोयाबीन बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवून २७.५ टक्के केलं, तेल महागलं, तरी सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाच्या बरंच खाली, चार-सव्वाचार हजारांवर राहिलं. कारण पेंडीला मागणी नव्हती. मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा, डीडीजीएस, कोंबडीखाद्यात पेंडीच्या निम्म्या भावात जाऊ लागला होता. मग मे २०२५ मध्ये तेलावरचं शुल्क पुन्हा कमी झालं. म्हणजे इथेनॉलचं धोरण एका खात्यात, तेलाचं दुसऱ्यात, कोंबडीखाद्याचं तिसऱ्यात, आणि या तिन्हींचा भार लातूर-हिंगोलीच्या सोयाबीनवाल्यावर.

पामचं एक अभियान २०२१ पासून सुरू आहे. ११,०४० कोटींचं. पाम चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी तीन-चार टन तेल देतो हे खरं, त्यामुळे आंध्र-तेलंगणात गोदावरीच्या पाण्याखाली तो लावायला माझा विरोध नाही. पण पहिली तीन-चार वर्षं उत्पन्न नाही, पाणी भरपूर हवं, आणि घड तोडल्यावर चोवीस तासांत कारखान्यात पोचला पाहिजे. बोअरच्या पाण्यावर किंवा ईशान्येच्या जंगलउतारावर तो ढकलणं मला धोक्याचं वाटतं.

मला जास्त जीव आहे करडईवर. रब्बी ज्वारीच्या रानात कडेने करडईच्या काटेरी ओळी असायच्या, जनावर आत शिरत नसे, आणि वर्षाचं तेल घाण्यावर काढून घरात यायचं. देशातली बहुतेक करडई महाराष्ट्र-कर्नाटकाची. परभणीचं विद्यापीठ, सोलापूरचं केंद्र, फलटणची निंबकर संस्था यांनी तिच्यावर चांगलं काम केलं. मुळं खोल जातात, एकही पाणी न देता भारी जमिनीत येते. गेली ती काट्यांमुळे. काढायला मजूर मिळेना. आता कंबाइन हार्वेस्टरने करडई निघते, बिनकाट्यांचे वाणही आहेत. तरी परत येत नाही, कारण खरेदीला कुणी उभं नाही. जवस, तीळ, कारळं यांचीही तीच गत. पूर्वेकडे भात काढल्यावर एक कोटी हेक्टरहून अधिक जमीन रब्बीत नुसती पडून असते. आपल्या भंडारा-गोंदियात उभ्या भातात लाखोळी डाळीचं बी फेकायचं, कोकणात भाताच्या ओलीवर वाल घ्यायचा, हे शहाणपण लोकांकडे आधीपासून आहे. मसूर, हरभरा, मोहरी तिथे वाढवता येईल.

एक गोष्ट जाता जाता. गहू-तांदळातली आपली स्वयंपूर्णताही पूर्ण आपली नाही. पोटॅश खत सगळं बाहेरून येतं, डीएपी खत आणि त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात बाहेरून, युरियाच्या कारखान्यांना लागणारा गॅसही बराचसा आयातीचा. पंजाबात जमिनीत मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी उपसलं जातं. कडधान्य हवेतला नत्र जमिनीत धरतं, पाणी कमी पितं. भाताच्या जागी थोडं कडधान्य आलं तर डाळीबरोबर खताचं आणि पाण्याचं परावलंबनही उतरेल. पंजाबचा शेतकरी हे जाणतो. पण भाताला मिळते तशी खरेदीची खात्री कडधान्याला मिळाल्याशिवाय तो हलणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता तुमच्या पाच एकरांकडे येतो. तूर घ्या, पण सलग नको. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन, अशी पेरा. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघून हातात पैसे येतात, मग तुरीला मोकळी हवा आणि ऊन मिळतं, आणि पावसाने मध्येच दगा दिला तरी निदान एक पीक साधून जातं. जमीन मध्यम असेल तर बीडीएन ७११ लावा. साडेपाच महिन्यांच्या आत येते, डिसेंबरची ओल संपायच्या आधी शेंगा भरतात. भारी, ओल धरणारी काळी जमीन असेल आणि एखादं संरक्षित पाणी देता येत असेल, तर बीएसएमआर ७३६ किंवा बदनापूरचाच गोदावरी वाण बघा. ज्या रानात गेल्या दोन वर्षांत मर दिसली, तिथे तूर पुन्हा नको. बाकी ठिकाणीही बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळल्याशिवाय पेरू नका.

सोयाबीनचं बियाणं घरचं वापरायचं असेल तर मे अखेरीस उगवण तपासा. एक गोणपाट भिजवून, पिळून पसरा. पोत्यातून वरून नाही, मधून-तळातून हाताने काढलेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडा, दुसरं ओलं गोणपाट वर घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून फक्त निरोगी कोंब मोजा. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो पेरा. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली आलं तर ते बियाणं मोंढ्यात विका, शेतात टाकू नका. २०२० मध्ये राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, दुबार पेरणी करावी लागली. त्यातलं बरंच नुकसान या एका गोणपाटाने वाचलं असतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. पोतं उंचावरून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो, तेव्हा गाडीतून उतरवताना स्वतः उभे राहा.

पेरणी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाल्यावरच, वापशावर, म्हणजे जमीन ओली पण चिखल नसताना. तूर पंचेचाळीस दिवसांची झाली की शेंडे खुडा, फांद्या वाढतात. फुलं लागायच्या वेळी ढगाळ हवा पडली की शेंगा पोखरणारी अळी येणारच. आधी पाच टक्के निंबोळी अर्क, शेतात पक्षी थांबे, अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे एकरी चार-पाच, आणि रोज सकाळी सापळा बघायची सवय. औषध महागडं की स्वस्त यापेक्षा पहिल्या अवस्थेतली अळी गाठली की नाही, यावर पीक वाचतं.

आणि विकायचं आजच ठरवून ठेवा. आंतरपीक असलं की ई-पीक पाहणीत बरेच जण फक्त सोयाबीन नोंदवतात आणि तूर राहून जाते. मुदत असेपर्यंत दोन्ही पिकं, त्यांच्या क्षेत्रासकट, स्वतःच्या मोबाइलवरून नोंदवा आणि सातबाऱ्यावर ती दिसतात का हे पडताळा. हमीभावाच्या केंद्रावर त्या नोंदीशिवाय नाव लागत नाही. नोंदणी उघडली की पहिल्याच आठवड्यात करा. माल बारा टक्क्यांपर्यंत वाळवून, चाळून, कोरड्या पोत्यांत भरून ठेवा. जवळ शेतकरी उत्पादक कंपनीची डाळमिल असेल तर दोन-तीन क्विंटल तूर डाळ करून घरच्या ओळखीत विकून बघा. बाकीची तूर जानेवारीत मोंढ्याचा भाव हमीभावाच्या वर असेल तर मोंढ्यात द्या, खाली असेल तर केंद्रावर थांबा. त्यासाठी कर्जाचा हप्ता सोयाबीनच्या पैशांतून आधी फेडून मोकळे राहा, म्हणजे रांगेतून बाहेर पडायची घाई होणार नाही.